कथन, कथनकार आणि ‘म्हणे’

प्रत्यक्ष कथनाचे अप्रत्यक्ष कथनात रूपांतर हा इंग्रजी व्याकरणातील पाठ महाराष्ट्रातील शाळांतून पिढ्यान्‌पिढ्या गिरवला गेला. अवतरणचिन्हे काढावीत, सर्वनाम बदलावे, काळ एक पायरी मागे न्यावा, असे मोजकेच नियम. तरीही फुलसावंगीसारख्या (ता. महागाव, जि. यवतमाळ) गावातील मराठीभाषक विद्यार्थी हमखास अडखळावा अशी एक जागा त्यात आहे. ‘राम म्हणाला की मी आजारी आहे’ यातील ‘मी’ तो तसाच इंग्रजीत नेतो आणि आजार रामाला सोडून सांगणाऱ्याला जडतो. ही चूक अज्ञानाची मानली जाते; वस्तुतः तिच्यामागे मराठी कथनपद्धतीचा दीर्घ इतिहास उभा आहे.

मराठीत ‘की’ आल्याने कथन अप्रत्यक्ष होत नाही. सर्वनाम आणि काळ बहुधा मूळ वक्त्याचेच राहतात. उक्ती आधी आणि ‘असे’ वा ‘म्हणून’ नंतर, ही रचना जुनी. ‘की’चा प्रसार फारसीच्या सहवासात वाढला. अवतरणचिन्हे तर 19व्या शतकात, मेजर कँडी यांच्या काळात, मुद्रणाबरोबर रुळली. त्यापूर्वीच्या हस्तलिखितात उक्तीची सीमा शब्दांनीच आखावी लागे. आजचा संपादक तेथे अवतरणचिन्ह घालतो तेव्हा तो केवळ छपाईची सोय करीत नाही, अर्थनिर्णयही करतो.

या दृष्टीने 13व्या शतकाच्या अखेरचे ‘लीळाचरित्र’ पाहण्यासारखे आहे. चक्रधरांच्या उक्ती म्हाइंभटांनी शिष्यांकडून ऐकून, त्यांचा माग काढीत मिळवल्या आणि नागदेवाचार्यांकडून पडताळून घेतल्या. एकाच लीळेविषयी दोघांची स्मरणे जुळली नाहीत, तर पाठभेद सांगणाऱ्याच्या नावानिशी नोंदला गेला. वाक्य चक्रधरांचे, परंतु ते असेच होते याची जबाबदारी अमुक शिष्याची, हा भेद म्हाइंभटांनी पाळला. इंग्रजी ज्याचा काही भार क्रियापदाच्या काळावर टाकते, ते काम येथे साक्षीदाराच्या नावाने होते. मूळ प्रत आक्रमणाच्या काळात नष्ट झाली व संहिता स्मरणातून पुन्हा सिद्ध झाल्या असे परंपरा सांगते. तेव्हा या नावांचे मोल अधिकच वाढते.

पुढे केसोबासांनी या उक्ती प्रसंगातून सोडवून ‘सूत्रपाठ’ रचला. श्रोता, स्थळ, निमित्त सारे गळून वचन तेवढे उरले. प्रत्यक्ष कथनाचे याहून शुद्ध रूप कोणते असणार? पण अशा वचनाचा अर्थ लागेना, म्हणून कोणते सूत्र कोणत्या प्रसंगी निरूपिले हे सांगणारे ‘प्रकरणवश’ निर्माण करावे लागले. कथनाची चौकट काढून टाकली की ती भाष्यरूपाने परत येते, हे महानुभावांनी अनुभवले. या वाङ्मयाचा परिचय ‘महानुभावीय मराठी वाङ्मय’ (1925) मधून घडवणारे य. खु. देशपांडे यवतमाळचेच, हा योगायोग नोंदवण्याजोगा आहे.

दादोबा पांडुरंगांच्या व्याकरणापासून (1836) मराठीचा विचार पुष्कळसा इंग्रजीच्या साच्यात झाला. त्या साच्यात ‘म्हणे’ नीट बसत नाही. ‘तो आजारी आहे म्हणे’ : येथे वक्ता अनाम, काळ जागच्या जागी, आणि सांगणारा मात्र हात झटकून मोकळा. वऱ्हाडीतील ‘म्हने’ हेच काम करते. इंग्रजी काळ मागे नेऊन जे अंतर सुचवू शकते, ते मराठी एका झिजलेल्या क्रियापदाने राखते. ‘राम म्हणाला’ आणि ‘राम म्हणे’ यांतला फरक फुलसावंगीच्या विद्यार्थ्याला कोणी शिकवावा लागत नाही. मात्र इंग्रजीच्या तासाला तो त्याला कोणी विचारीतही नाही.