'डन्स' : एका सूक्ष्म बुद्धीची शिवी कशी झाली

काही भाषांत मंदपणाचा शब्द सुरीच्या धारेशी जोडलेला असतो. इंग्रजीत बोथट सुरी 'डल' आणि मठ्ठ पोरगाही 'डल'. आपल्या घरातली उर्दू जाणणारी वडीलधारी माणसे अशा पोराला 'कुंदजेहन' म्हणतात. फारसीत कुंद म्हणजे बोथटच. पण इंग्रजीतला 'डन्स' हा शब्द निराळा आहे. मूर्ख, ढ विद्यार्थी असा त्याचा अर्थ, आणि तो आला आहे एका अत्यंत बुद्धिमान माणसाच्या नावावरून.

जॉन डन्स स्कॉटस. जन्म सुमारे १२६६, स्कॉटलंडमधल्या डन्स गावचा. फ्रान्सिस्कन पंथाचा हा साधू ऑक्सफर्ड आणि पॅरिसला शिकवत होता. १३०८ मध्ये कोलोन शहरात वारला, तेव्हा वय जेमतेम बेचाळीस. त्याचे विवेचन इतके बारीक की त्याला 'सूक्ष्म आचार्य' अशी पदवी मिळाली होती.

या सूक्ष्मपणात आपल्याकडच्या एका माणसाचाही वाटा आहे. इब्न सीनाचे ग्रंथ बाराव्या शतकात स्पेनमधल्या टोलेडोत लॅटिनमध्ये उतरवले गेले. त्यात एक प्रश्न होता : 'घोडेपण' एक आहे की अनेक? इब्न सीनाचे उत्तर असे की, घोडेपण स्वतःहून ना एक, ना अनेक. ते फक्त घोडेपण. स्कॉटसने हा धागा उचलला आणि पुढे विचारले, मग हा घोडा 'हाच' कशामुळे होतो? त्या 'हेच'पणावर त्याने जो विचार केला, तो तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी आजही अभ्यासतात. बुखाऱ्याजवळ जन्मलेला मुसलमान हकीम आणि स्कॉटलंडचा ख्रिस्ती साधू यांचे हे बोलणे अडीचशेहून अधिक वर्षांच्या अंतराने चालले होते.

मग बिघडले कुठे? सोळाव्या शतकात इंग्लंडमध्ये नव्या विद्येचे लोक पुढे आले. त्यांना ग्रीक हवी होती, जुने शुद्ध लॅटिन हवे होते. त्यातच आठव्या हेन्रीने रोमच्या पोपशी नाते तोडले. स्कॉटसचे अनुयायी, म्हणजे 'डन्समेन', दोन्हीकडून कचाट्यात सापडले. तेही अगदी निर्दोष नव्हते हे मान्य करायला हवे. शब्दांचा कीस काढत बसणे आणि नव्याला विरोध करणे, दोन्ही त्यांनी केले. १५३५ मध्ये राजाचे तपासनीस ऑक्सफर्डला आले आणि स्कॉटसला अभ्यासक्रमातून हाकलले. रिचर्ड लेटन या तपासनिसाने आपल्या वरिष्ठाला मोठ्या आनंदाने कळवले की, न्यू कॉलेजचे अंगण स्कॉटसच्या फाटक्या पानांनी भरले आहे, वारा ती कोपऱ्याकोपऱ्यात उडवतो आहे. बकिंगहॅमशरचा एक जमीनदार ती पाने गोळा करत होता. कशासाठी? रानात फडफडती बुजगावणी लावायला, म्हणजे हरणे रानाबाहेर जाणार नाहीत आणि शिकार सोपी होईल!

'डन्स' म्हणजे आधी स्कॉटसचा अनुयायी, मग किस काढणारा पंडित, आणि त्याच शतकात सरळ मूर्ख. एकोणिसाव्या शतकापर्यंत इंग्रजी शाळेत मागे पडलेल्या पोराच्या डोक्यावर डन्सची उंच टोपी चढली होती. त्या पोराला ना इब्न सीना ठाऊक, ना स्कॉटस.

हे फक्त इंग्रजांकडेच झाले असेही नाही. सम्राट अशोक आपल्या लेखांत स्वतःला 'देवानांप्रिय' म्हणवतो, देवांचा लाडका. सतराव्या शतकात भट्टोजी दीक्षितांच्या व्याकरणात याच शब्दाचा अर्थ 'मूर्ख' असा नोंदवलेला आहे. बौद्धांशी असलेल्या वादाचा हा परिणाम, असे काही अभ्यासक मानतात.

आणि आपला 'ढ'? अशोकाच्या काळच्या ब्राह्मी लिपीतली बाकीची अक्षरे ओळखू येणार नाहीत इतकी बदलली. ढ मात्र जवळपास तसाच राहिला. म्हणून जो पुढे सरकत नाही तो 'ढ', असे सांगतात. स्कॉटसला कॅथलिक चर्चने १९९३ मध्ये धन्य पुरुष म्हणून मान्यता दिली. शब्दकोशातला 'डन्स' मात्र अजून मूर्खच आहे.