मधुचंद्र आणि परतीचें भाडें

‘घर पाहावें बांधून आणि लग्न पाहावें करून’ ही म्हण ज्या काळीं रूढ झाली, त्या काळीं ह्या दोन दिव्यांच्या जोडीला एक तिसरें दिव्य येऊन बसेल अशी कोणाला कल्पना नव्हती. सांप्रत मध्यम स्थितींतील कुटुंबांतही लग्नाच्या खर्चाचा अंदाज करतांना कार्यालय, जेवणावळी, दागिने, आहेर ह्यांच्या खालीं ‘मधुचंद्र’ असें एक कलम पडूं लागलें आहे. आणि तो शक्य तर परदेशांत व्हावा अशी वधूवरांची इच्छा असते. पैसा बेताचा, रजा त्याहून बेताची, आणि हौस मात्र दोहोंना पुरून उरणारी, असें हें कठिण त्रैराशिक आहे. वडील मंडळी ह्या हौसेस आधुनिक खूळ म्हणून मोकळी होतात. तरुण मंडळी कर्ज काढून मोकळी होतात. आम्हांस दोन्ही पक्षांचें वागणें घाईचें वाटतें. थोड्या पैशांत परदेशची सहल कशी साधते आणि कशी फसते, ह्या प्रश्नाला दोन शतकांहून जुना आणि मोठा उद्बोधक इतिहास आहे.

प्रथम शब्दाचाच विचार करूं. ‘मधुचंद्र’ हा शब्द ऐकावयास कालिदासाच्या घरचा वाटतो. परंतु ‘हनीमून’ ह्या इंग्रजी शब्दाचें तें सरळ भाषांतर आहे. मूळ शब्द इंग्रजींत सोळाव्या शतकाच्या मध्यापासून आढळतो, आणि त्या वेळीं त्याचा प्रवासाशीं कांहींएक संबंध नव्हता. लग्नानंतरचा पहिला महिना मधासारखा गोड असतो खरा, पण चंद्राची कला पौर्णिमेनंतर उतरावयाचीच, असा त्यांत एक मिस्किल टोमणा होता. प्रवासाचा अर्थ त्याला मागाहून चिकटला. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं इंग्लंडांतील सुखवस्तु घराण्यांतलें नवें जोडपें, जे आप्त लग्नाला येऊं शकले नाहींत त्यांच्या भेटीस निघे; आणि पुष्कळदां वधूची बहीण किंवा मैत्रीण बरोबर असे. म्हणजे एकांतापेक्षां नव्या जोडप्याला कुळाची मान्यता मिळावी, हा त्या प्रवासाचा हेतु होता. लग्नानंतर जोडीनें जेजुरीस जाऊन खंडोबाचें दर्शन घ्यावयाचें आणि वरानें वधूला उचलून कांहीं पायऱ्या चढावयाच्या, ह्या आपल्याकडील चालीशीं ताडून पाहिल्यास ती जुनी इंग्रजी रीत आपल्याला फारशी परकी वाटणार नाहीं. पुढें पुढें आप्तेष्ट मागें राहिले, आणि पैसेवालीं जोडपीं पॅरिस-रोमकडे वळलीं. जॉर्ज इलियटच्या ‘मिडलमार्च’ ह्या १८७१-७२ सालीं प्रसिद्ध झालेल्या कादंबरींतील डोरोथिआ लग्नानंतर रोमला जाते, आणि पति आपल्या ग्रंथांत गढलेला असल्यामुळें एकटी रडत बसते, हें वाचकांस आठवत असेल. पैसा असला म्हणजे मधुचंद्र गोड होतोच असें नाहीं, हें त्या चतुर लेखिकेनें तेव्हांच दाखवून ठेवलें.

पण आम्हांस सांगावयाची आहे ती पैसा नसलेल्यांची गोष्ट. तिचा पहिला अध्याय कवि शेली आणि मेरी गॉडविन ह्यांचा आहे. २८ जुलै १८१४ रोजीं पहाटे हीं दोघें लंडनहून पळून गेलीं. शेली एकवीस वर्षांचा, मेरी सोळा वर्षांची, आणि बरोबर मेरीची सावत्र बहीण क्लेअर. ह्या प्रवासाला शास्त्रार्थानें मधुचंद्र म्हणतां यावयाचें नाहीं. शेलीची विवाहित पत्नी हॅरिएट इंग्लंडांतच होती. तिच्या मृत्यूनंतर, १८१६ च्या डिसेंबरांत, त्यानें मेरीशीं विवाह केला. हॅरिएटवर झालेला अन्याय कोणत्याही काव्यानें धुऊन निघणारा नाहीं. तथापि दोन तरुण जीवांनीं अपुऱ्या पैशांत परदेशीं सहजीवनाचा आरंभ केला, त्याचा इतका तपशीलवार वृत्तांत क्वचितच सांपडतो. निघाल्या दिवसापासून दोघांनीं मिळून रोजनिशी ठेवली, आणि तिच्या आधारें १८१७ सालीं त्या सहा आठवड्यांच्या प्रवासाचें एक लहानसें पुस्तक लेखकाच्या नांवावांचून प्रसिद्ध झालें.

पॅरिसला पोहोंचतात तों पैशांची चणचण सुरू झाली. शेलीनें आपलें घड्याळ व सांखळी विकली, तिचे आठ नेपोलियन व पांच फ्रँक आले. नेपोलियन म्हणजे त्या काळचें फ्रेंच सोन्याचें नाणें. पुढें साठ पौंडांची सोय झाली, तेव्हां ह्या मंडळींनीं स्वित्झर्लंडपर्यंत पायीं जाण्याचें ठरविलें. सामानासाठीं एक गाढव विकत घेतलें; तें इतकें दुबळें निघालें कीं दुसऱ्याच दिवशीं तें विकून दहा नेपोलियनांस खेचर घ्यावें लागलें. वाटेंत शेलीचा घोटा मुरगळला, म्हणून खेचरावर तो आणि पायीं दोन्ही मुली, अशी यात्रा चालली. त्रुआ येथें खेचरही विकलें, आणि पांच नेपोलियनांस उघडी गाडी घेतली. त्याच वर्षाच्या आरंभीं ह्या मुलखांतून सैन्यें गेलेलीं. गांवें जळलेलीं, खाण्यापिण्याची वानवा. अखेर ल्युसर्न सरोवराच्या कांठीं ब्रुनेन गांवीं, दरमहा एक गिनी भाड्यानें, सहा महिन्यांसाठीं दोन खोल्या घेतल्या; आणि दोनतीन दिवसांत थैली मोजून पाहिली तों अवघे अठ्ठावीस पौंड उरलेले.

येथें मात्र ह्या मंडळींनीं प्रथमच हिशेबानें वागावयाचें ठरविलें. सगळ्यांत स्वस्त वाहन म्हणजे नदी, हें ध्यानांत घेऊन तीं रॉइस व ऱ्हाइन ह्या नद्यांनीं होड्यांतून प्रवाहाबरोबर खालीं निघालीं. सुमारें आठशें मैलांचा हा परतीचा प्रवास तीस पौंडांहून कमी खर्चांत झाला. जातांना प्रत्येक मुक्कामीं नवा बेत आणि नवें जनावर. येतांना एकच बेत आणि एकच नदी. परंतु हें शहाणपण उशिरां सुचलें. १३ सप्टेंबर रोजीं ग्रेव्हझेंड बंदराला लागल्यावर जहाजाचें भाडें देण्यास जवळ कांहीं नव्हतें. वसुलीसाठीं बरोबर नावाडी घेऊन शेली लंडनमध्यें फिरला, आणि शेवटीं ज्या पत्नीला टाकून तो गेला होता तिच्याच दारीं जाऊन त्यानें पैसे आणले. मेरी बाहेर गाडींत बसून होती. पुढें ‘फ्रँकेन्स्टाइन’ लिहिणाऱ्या त्या मुलीला त्या वेळीं काय वाटलें असेल, ह्याची कल्पना करवत नाहीं. परतीचें भाडें आपण बाजूला ठेवलें नाहीं म्हणजे तें दुसऱ्या कोणाला तरी भरावें लागतें; आणि बहुधा ज्यानें सहलीचें सुख मुळींच भोगलें नाहीं त्याला.

कवीला न सुटलेलें हें कोडें सोडविलें तें दहाव्या वर्षीं शाळा सोडून लांकूडकाम शिकलेल्या आणि दारूबंदीच्या प्रचाराला वाहून घेतलेल्या टॉमस कुक ह्या गृहस्थानें. ५ जुलै १८४१ रोजीं लेस्टरहून लफबरोच्या मद्यपाननिषेधक सभेला त्यानें सुमारें पांचशें माणसें खास आगगाडीनें नेलीं; जाण्यायेण्याचें भाडें माणशीं एक शिलिंग. १८५५ त त्याची मंडळी युरोपखंडावर उतरली, १८६३ त स्वित्झर्लंडला पोहोंचली. युक्ति साधी होती. कंपनीला उतारू घाऊक द्यावयाचे आणि तिकिटें घाऊक दरानें घ्यावयाचीं. पुढें त्यानें खानावळींशीं ठराव करून निजणें-जेवणाचीं ठरीव किंमतीचीं कूपनें काढलीं, आणि १८७४ त गांवोगांव वटणाऱ्या प्रवासी हुंड्या काढल्या. कुकनें स्वस्ताईपेक्षांही मोठी एक वस्तु विकली, ती म्हणजे निश्चिति. परतीच्या तिकिटासह एकंदर खर्च किती, हें घराचा उंबरठा ओलांडण्यापूर्वींच कागदावर दिसूं लागलें.

ह्याचा परिणाम पाहावयाचा असेल तर यॉर्कशायरमधील सेल्बी गांवच्या जेमिमा मॉरेल ह्या बाईंची रोजनिशी पाहावी. त्या १८६३ च्या जूनमध्यें कुकच्या मंडळींत होत्या. त्या कांहीं मधुचंद्रास निघाल्या नव्हत्या; पण पॅरिस, जिनीव्हा, शामोनी, आणि अखेर शेलीनें पाहिलेलें तेंच ल्युसर्न सरोवर, असा त्यांचा मार्ग होता. घोळदार झग्यांतून हिमनदी ओलांडावयाची, भल्या पहाटे उठावयाचें, खेचर परवडेना तेथें चालावयाचें, आणि रिगी पर्वतावरून सूर्योदय पाहावयाचा. तीन आठवड्यांचा सारा खर्च १९ पौंड १७ शिलिंग ६ पेन्स. ही रोजनिशी दुसऱ्या महायुद्धांत लंडनमध्यें जमीनदोस्त झालेल्या एका इमारतीच्या ढिगाऱ्यांत सांपडली आणि १९६३ सालीं छापली गेली. एकाच सरोवराच्या कांठीं एकोणपन्नास वर्षांच्या अंतरानें हे दोन हिशेब उभे आहेत. शेलीजवळ प्रतिभा होती, जेमिमाबाईंजवळ परतीचें तिकीट होतें.

अर्थात् ही सोय सर्वांना रुचली नाहीं. कादंबरीकार चार्ल्स लीव्हर ह्यानें १८६५ सालीं कुकच्या प्रवाशांची मेंढरांच्या कळपाप्रमाणें यथेच्छ टवाळी केली. इटलीचें सौंदर्य धनिकांनींच पाहावें, कारकुनानें व शाळामास्तरानें त्याकडे डोळा उचलूं नये, हा त्या टवाळीचा खरा अर्थ. कुकनेंही त्याला खरमरीत उत्तर दिलें. आजही एखाद्या शिक्षकाचा मुलगा बायकोला घेऊन परदेशीं निघाला कीं जें नाक मुरडलें जातें, तें ह्या जुन्या कुळांतलेंच आहे. तें आम्हांस मान्य नाहीं. गरिबानें हौस करूं नये असें नाहीं. उधारीची हौस करूं नये, एवढेंच.

कुकची छत्री न घेतांही स्वस्त मधुचंद्र साधतो, ह्याचें उत्तम उदाहरण क्युरी दांपत्याचें. मारी स्क्लोदोव्स्का पोलंडहून १८९१ त पॅरिसला शिकावयास आलेली. फ्रान्स हाच तिचा परदेश. २६ जुलै १८९५ रोजीं सो येथें तिनें पिएर क्युरीशीं विवाह केला. लग्नाचा पोशाख तिनें मुद्दाम गडद रंगाचा निवडला, म्हणजे पुढें तो प्रयोगशाळेंतही वापरतां यावा. आहेरांत आलेल्या पैशांतून दोघांनीं दोन सायकली घेतल्या, आणि त्यांवर बसून फ्रान्सचीं खेडींपाडीं व किनारे पाहिले. सहल संपली तरी सायकली राहिल्या, आणि पुढें कित्येक सुट्या त्यांवरच गेल्या. शेलीच्या गाढवांत आणि क्युरींच्या सायकलींत जें अंतर आहे, तें केवळ शतकाचें नव्हे.

विसाव्या शतकांत आगगाडीची जागा विमानानें घेतली, पण तत्त्व तेंच राहिलें. १९५० सालीं व्लादिमिर राइट्झ ह्यानें विमान ठरवून लंडनहून कॉर्सिका बेटावरील काल्व्ही येथें सहल नेली. प्रवास, तंबूंतील मुक्काम व जेवण मिळून ३२ पौंड १० शिलिंग. आरंभीं सरकारनें ही मोकळीक विद्यार्थी व शिक्षक ह्यांच्यापुरतीच दिली होती, ही गोष्ट आमच्या व्यवसायबंधूंना सुखावेल. पुढें १९६६ ते १९७० ह्या काळांत ब्रिटिश प्रवाशाला परदेशीं खर्चण्यास पन्नास पौंडांहून अधिक नेतां येत नसे. आपल्याकडे तर, कुकची कचेरी मुंबईंत १८८१ सालींच उघडली असली तरी, स्वातंत्र्यानंतर कित्येक वर्षें परकीय चलनाच्या निर्बंधांमुळें केवळ सहलीसाठीं परदेशीं जाणें मध्यम वर्गाच्या विचारांतही येत नसे. महाबळेश्वर नाहींतर माथेरान हीच आपली परदेशची सीमा. १९९१ नंतर ते निर्बंध सैल होत गेले, आणि आजच्या जोडप्यापुढें जें दार उघडें आहे तें त्यांच्या आजीआजोबांनीं पाहिलेंही नव्हतें.

परंतु उघड्या दारालाही उंबरठा असतो. २३ सप्टेंबर २०१९ रोजीं कुकची ती जुनी विलायती कंपनी १७८ वर्षांनंतर बुडाली, आणि परदेशीं अडकलेल्या दीड लाखांवर लोकांना ब्रिटिश सरकारनें विमानें ठरवून घरीं आणलें. मुंबईंतील त्याच नांवाची कंपनी तेव्हां स्वतंत्र मालकीची होती, म्हणून तिला झळ लागली नाहीं. ज्या माणसानें जगाला परतीच्या तिकिटाची निश्चिति शिकविली, त्याच्याच नांवावर ही पाळी यावी, ह्यांत कालाचा उपहास आहे. आणि परतीचें भाडें दुसऱ्याच्या हातीं पूर्णपणें सोंपवूं नये ही सूचनाही आहे.

तेव्हां निघूं इच्छिणाऱ्या तरुण वाचकांस आमचें सांगणें थोडें आहे. बेत करतांना उलट बाजूनें आरंभ करावा. प्रथम परतीचें भाडें आणि घरीं आल्यानंतरच्या महिन्याचा खर्च वेगळा काढावा. मग उरेल त्यांत देश निवडावा. नेपाळला भारतीयांस व्हिसा लागत नाहीं. भूतानलाही लागत नाहीं, परंतु तेथें २०२२ पासून भारतीय प्रवाशाकडून दर रात्रीं माणशीं १,२०० रुपये घेतले जाऊं लागले. अशी लहान कलमें आधींच मांडावीं, कारण थैली रिकामी होते ती त्यांनींच. गर्दीचा हंगाम टाळावा, गांवें थोडीं घ्यावीं आणि मुक्काम लांब करावा. वाटेंत बेत बदलला कीं गाढवाचें खेचर होतें आणि खेचराची गाडी. आणि ही सारी मांडणी दोघांनीं एका वहींत, एकत्र बसून करावी. कोणाची हौस कशांत आहे, कोण कशावांचून राहूं शकतो, आणि ‘हें आपल्याला परवडत नाहीं’ हें वाक्य कोण किती सहज उच्चारतो, हें त्या वहीवरून लग्नाच्या पहिल्याच महिन्यांत कळतें. पुढें संसारांत ह्याच माहितीचा उपयोग वरचेवर पडावयाचा आहे. आणि ती मिळविण्यास परदेशीं जाण्यापूर्वींचे चार दिवसही पुरतात.