सहा पिच्चर आणि एक प्रश्न : पडद्यावरचा खान्देश कुठंय?

मागचे तीन भाग आपण दुष्काळ, लगान आणि जुन्या सर्व्हेत अडकून पडलो होतो. बऱ्याच श्रोत्यांनी लिहिलं, भाऊ, जरा हलकं काहीतरी होऊ द्या, नुसत्या पिच्चरच्या गप्पा मारा. तर आज त्याच मारू. गेल्या दोन महिन्यांत मी सहा सिनेमे पाहिले. जुने चार, नवे दोन. नेहमीप्रमाणे जे मनात आलं ते सांगतो, समीक्षा-बिमीक्षा नाही. आपल्याकडे तशीही समीक्षा कुणी वाचत नाही. ‘पिच्चर कसा व्हता भो?’ असं विचारायचं आणि समोरच्यानं तोंड वाकडं केलं की तिकिटाचे पैसे वाचवायचे, ही आपली पद्धत.

पण हे सहाही मी एका कारणानं निवडले. प्रत्येकाचा धुळे-जळगावशी, म्हणजे जुन्या खान्देशाशी, कुठून तरी धागा लागतो. आणि सहाही बघून झाल्यावर लक्षात आलं, की धागा लागतो पण गाव दिसत नाही. ते का, हे शोधता शोधता हा भाग लांबला.

पहिला, ‘श्यामची आई’. आचार्य अत्र्यांचा, १९५३ चा. राष्ट्रीय पुरस्कार सुरू झाले त्या पहिल्याच वर्षी देशातला सर्वोत्तम चित्रपट म्हणून राष्ट्रपतींचं सुवर्णपदक याला मिळालं. वनमालाबाई आई, माधव वझे श्याम. माझं मत विचाराल तर सिनेमा आज संथ वाटतो, मध्येमध्ये उपदेश फार होतो, पण वनमालाबाईंचा चेहरा बघत राहावं असा आहे. पोहायला न जाणाऱ्या श्यामला आई फोकानं झोडपते, तिथं माझ्या शेजारी बसलेली दहा वर्षांची भाची म्हणाली, ‘हे चूक आहे.’ तिच्याशी वाद घालायला मला शब्द सापडले नाहीत. आपण लहानपणी याच प्रसंगाला गहिवरायचो.

आता इतिहास. साने गुरुजी कोकणातल्या पालगडचे, त्यामुळे सिनेमात कोकण आहे आणि ते असायलाच हवं. पण श्यामची गोष्ट सांगणारा माणूस घडला कुठं? अमळनेरला. १९२४ ते १९३० ते तिथल्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते, छात्रालय सांभाळत होते. मुलांसाठी हातानं लिहून ‘छात्रालय’ नावाचं दैनिक काढायचे. दैनिक, बरं का! रोज. पुढं १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा दर रविवारी गीतेवर बोलले, ते उतरवून घेणारे हेच. ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक म्हणजे, एका अर्थानं, धुळ्यातली ट्रान्सक्रिप्ट आहे. (या ब्लॉगसाठी माझं बोलणं टाइप करून देणाऱ्या मित्रानं हे वाक्य फ्रेम करून लावलंय.) आणि १९३३ च्या फेब्रुवारीत नाशिकच्या तुरुंगात पाच दिवसांत ‘श्यामची आई’ लिहून झालं.

पुस्तकाची रचना आठवा. मोठा झालेला श्याम रोज रात्री आश्रमातल्या सोबत्यांना आईची एकेक आठवण सांगतो. रात्री पोरांना भोवती बसवून गोष्ट सांगायची ही सवय अमळनेरच्या छात्रालयातली असावी, असा माझा अंदाज. म्हणजे गोष्ट कोकणातली, पण सांगण्याची बैठक खान्देशातली. अत्र्यांनी गोष्ट घेतली, बैठक राहिली. २०२३ मध्ये सुजय डहाके यांनी पुन्हा ‘श्यामची आई’ केला, कृष्णधवल, ओम भूतकर साने गुरुजींच्या भूमिकेत. तिथं निदान गोष्ट सांगणारा माणूस पडद्यावर आला. तो मी आधीच पाहिला होता, म्हणून सहात धरला नाही.

अत्र्यांना दोष द्यायला जावं तर जीभ अडखळते, कारण त्याच्या आदल्याच वर्षी खान्देशाचा सगळ्यात मोठा आवाज त्यांनीच महाराष्ट्राला ऐकवला होता. बहिणाबाई चौधरी. असोद्याच्या लेकीनं, जळगावच्या सुनेनं शेतात आणि जात्यावर केलेल्या ओव्या. त्या ३ डिसेंबर १९५१ ला गेल्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. मुलानं, कवी सोपानदेवांनी, उतरवलेली वही अत्र्यांना दाखवली आणि १९५२ मध्ये त्यांच्याच प्रस्तावनेसह पुस्तक निघालं. एका वर्षी बहिणाबाई, दुसऱ्या वर्षी साने गुरुजी. एकाच पुणेकर माणसानं दोन वर्षांत दोनदा खान्देशाकडे कान लावला आणि सिनेमा मात्र दुसऱ्याचाच काढला. बहिणाबाईंच्या आयुष्यावर त्यांनीच पिच्चर काढला असता तर? असले ‘तर’ इतिहासात चालत नाहीत, पण पिच्चरच्या गप्पांत चालतात.

बहिणाबाई पडद्यापर्यंत पोचल्या त्या ‘मानिनी’तून. १९६१, दिग्दर्शक अनंत माने, नायिका जयश्री गडकर. वसंत पवारांच्या चालीत त्यात बहिणाबाईंचं संसारावरचं ते गाणं आहे, जे आज लग्नापासून निरोप समारंभापर्यंत कुठंही वाजतं. सिनेमा मला बेताचा वाटला. श्रीमंत माहेर, गरीब सासर, मानी बायको, हे सगळं आपण शंभरदा पाहिलंय. पण ते गाणं सुरू झालं की सिनेमाची उंचीच बदलते. चुलीच्या चटक्याची भाषा अस्सल लागते. त्यात लेवा बोली आहे, आमच्या जळगाव-यावल-रावेर पट्ट्यातली. गाणं संपतं आणि पात्रं पुन्हा पुस्तकी मराठीत बोलू लागतात. जणू पाहुणी बाई ओसरीवर येऊन पाणी पिऊन गेली. बोली गाण्यात चालते, संवादात नको, हा नियम तेव्हापासूनचा आहे आणि बऱ्याच अंशी अजून तसाच आहे.

तिसरा आणि चौथा सिनेमा एकाच बाईसाठी पाहिले. स्मिता पाटील. जन्म पुण्याचा, १९५५ चा, पण घर शिरपूरकडचं. वडील शिवाजीराव गिरधर पाटील शिरपूरचे आमदार, पुढं राज्यात मंत्री. घरात राष्ट्र सेवा दलाचं वातावरण. श्याम बेनेगलांचा ‘मंथन’ १९७६ चा. गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये काढून त्याचे पैसे उभे केले. २०२४ मध्ये त्याची प्रिंट दुरुस्त करून कान महोत्सवात दाखवली, मग आपल्याकडं थिएटरातही लागला. मी आता नीट मोठ्या पडद्यावर पाहिला आणि खरं सांगतो, थक्क झालो. गिरीश कर्नाडांचा डॉक्टर चांगला आहे, नसीरुद्दीनचा तरुण तर आग आहे, पण म्हशीजवळ उभी राहून शहरातल्या साहेबाकडं बघणारी बिंदू तुम्हाला घरी घेऊन जाते. ती कुठून शिकली असेल तसं उभं राहायला? तापीकाठच्या बायका अशाच उभ्या राहतात, असं शिरपूरचे लोक सांगतात. तो पुरावा नाही, अभिमान आहे. मी दोन्हींत गल्लत करणार नाही, पण अभिमान चुकीचा आहे असंही म्हणणार नाही.

‘उंबरठा’ १९८२ चा, जब्बार पटेलांचा. पटकथा तेंडुलकरांची, मूळ शांता निसळांची कादंबरी. सुलभा महाजन घर सोडून महिला सुधारगृहाची नोकरी धरते, तिथून हरून परत येते, घरी आपली जागा उरलेली नाही हे तिला कळतं आणि ती पुन्हा बाहेर पडते. या सिनेमावर आमच्या घरात आजही दोन तट आहेत. आईचं मत, पोरीला सोडून जायला नको होतं. मावशीचं मत, नवऱ्याला हाच प्रश्न कुणी का विचारत नाही? चाळीस वर्षं झाली, भांडण ताजं आहे. सिनेमा चांगला की वाईट यापेक्षा तो घरात किती वर्षं भांडायला पुरतो, हे माप मला जास्त खरं वाटतं. या मापानं ‘उंबरठा’ फार मोठा.

पण बघा, स्मितानं गुजरातची बिंदू केली, मुंबईच्या झोपडपट्टीतली अम्मा केली, ‘जैत रे जैत’मधली ठाकर आदिवासी चिंधी केली. शिरपूरची, शिंदखेड्याची, साक्रीची बाई करायला तिला कुणी दिली नाही. १३ डिसेंबर १९८६ ला ती गेली, तेव्हा वय अवघं ३१.

आता मालेगाव. लगेच हात वर होतील, मालेगाव तर नाशिक जिल्ह्यात! हो. पण जिल्हा ही साहेबाच्या टेबलावरची रेघ. १९०६ मध्ये खान्देशाचे पूर्व-पश्चिम दोन तुकडे झाले, १९६० नंतर त्यांना जळगाव आणि धुळे म्हणू लागले, १९९८ मध्ये नंदुरबार वेगळं निघालं. अहिराणी या रेघा बघत नाही. मालेगाव, बागलाण, कळवणच्या खेड्यांत ती बोलतात. मालेगावची मोसम नदी गिरणेला मिळते आणि तीच गिरणा पुढं भडगाव-पाचोरा करत जळगावकडं येते. मी पाण्याच्या बाजूनं आहे.

मालेगाव यंत्रमागांचं गाव. माग शुक्रवारी बंद, आणि नवा पिच्चर लागतो तोही शुक्रवारी. एवढ्या एका योगायोगावर तिथली सिनेमाची वेडं पोसली गेली. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या शेख नासिर यांनी २००० साली ‘मालेगाव के शोले’ काढला, सुमारे पन्नास हजारांत. बसंतीची बासमती झाली, गब्बरचा रब्बर, आणि डाकू घोड्यांऐवजी सायकलींवर आले. पुढं त्यांनी मालेगावचा सुपरमॅन करायला घेतला, त्या धडपडीवर फैझा अहमद खान यांनी २००८ मध्ये ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. आणि तीच माणसं घेऊन रीमा कागतींचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ २८ फेब्रुवारी २०२५ ला आला. हे माझे पाचवा आणि सहावा.

‘सुपरबॉइज’ चांगला आहे. आदर्श गौरव, विनीत कुमार सिंग, शशांक अरोरा, तिघंही मनापासून. शेवटी डोळे ओले होतात. पण निवडायचंच झालं तर मी माहितीपट निवडीन, आणि त्यात फार विचार करावा लागत नाही. त्यात बैलगाडीची क्रेन आहे, सायकलवरून चालता कॅमेरा आहे. कॅमेरा पाण्यात पडतो तेव्हा सगळ्यांच्या चेहऱ्यावर जे येतं, ते कुठल्याही नटाला करता येणार नाही. सुपरमॅन झालेला शफिक शेख हा यंत्रमाग कामगार. काडीसारखा हडकुळा, उडायला आतुर. तो २०११ मध्ये तोंडाच्या कर्करोगानं गेला. नव्या सिनेमात त्याचं दुःख सुंदर प्रकाशात आहे, नीट लिहिलेलं आहे. माहितीपटात तो फक्त हसतो, आणि मला तेच जास्त सहन झालं नाही.

देशाला मालेगाव माहीत होतं ते २००६ आणि २००८ च्या बॉम्बस्फोटांमुळं. त्याच गावात त्याच काळात काही माणसं एका हडकुळ्या सुपरमॅनला हवेत कसं लटकवायचं याची चिंता करत होती. इतिहासात ही नोंद स्फोटांइतक्याच मोठ्या अक्षरात व्हायला हवी, असं माझं मत.

आणि एक गोष्ट. मुंबई-पुण्याच्या पडद्यानं आपला माणूस घेतला, आपलं गाणं घेतलं, पण गाव घेतलं नाही. मालेगावनं वाट बघितली नाही. त्यातून खान्देशी कॉमेडीच्या सीडी निघाल्या, मग यूट्यूब आलं, मालेगावचा छोटू दादा कोट्यवधी लोकांनी पाहिला. आता अहिराणी गाणी लग्नाच्या डीजेवर पुण्यातही वाजतात, शब्द न कळणारी पोरं नाचतात. माझ्या ओळखीच्या एका प्राध्यापकांना हे सगळं थिल्लर वाटतं. काही थिल्लर आहेच, बायकांवरचे विनोद तर मला बघवत नाहीत. पण शाळेत जी भाषा बोललो म्हणून पट्टी खाल्ली, ती भाषा पडद्यावरचा माणूस न लाजता बोलतोय, हे ऐकायला माझ्या पिढीला चाळिशी गाठावी लागली.

जाता जाता एक काम. धुळ्यात इतिहासाचार्य राजवाड्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आहे, राजवाडे १९२६ मध्ये धुळ्यातच वारले. तिथं पोथ्या आहेत, दप्तरं आहेत. पण सारंगखेड्याच्या यात्रेत तंबू टॉकीजला कुठला पिच्चर लागला, रीळ तुटल्यावर लोक काय ओरडले, पडद्यामागं बसून उलटी अक्षरं वाचत कुणी पिच्चर पाहिला, हे कुठल्या दप्तरात सापडायचं? टांग्यावरून वाटलेली जाहिरातीची कागदं, जुनी तिकिटं, आजोबांच्या डायरीतल्या ‘आज सिनेमा पाहिला, बरा होता’ अशा ओळी, असलं काही घरात असेल तर फोटो काढून पाठवा. डायरीत ‘बरा नव्हता’ लिहिलं असेल तर आधी पाठवा.