एकट्या चिरंजीवाला बनेश्वर बांधता येईल का?

सगळी ग्रंथालये नाहीशी झाली, माणसे गेली आणि एकच अमर माणूस उरला, तर मानवाचे सारे ज्ञान तो पुन्हा उभे करू शकेल का? हा प्रश्न वरवर पाहता काळाचा वाटतो. आयुष्याला शेवटच नाही म्हटल्यावर आज ना उद्या सगळे जमेल, असे कुणालाही वाटावे. पण अडचण वेळेची नाही. ती हातांची आहे, आणि त्याहून अधिक पुराव्याची. नसरापूरजवळचे बनेश्वराचे मंदिर घेऊन हा हिशेब मांडता येतो.

पुणे-सातारा महामार्गावरच्या चेलाडी फाट्यावरून राजगड आणि वेल्ह्याकडे वळले की नसरापूर लागते. तिथल्या झाडीत, शिवगंगेच्या काठी, नानासाहेब पेशव्यांनी १७४९ मध्ये हे मंदिर बांधले. बांधणी साधी आहे. तरीही ती पुन्हा करायची तर किती धंदे लागतात, ते पाहण्यासारखे आहे.

काळा पाषाण तर इथे पायाखालीच आहे. तो घडवायला पाथरवटाला टाकी लागते. टाकी दगडावर बोथट होते, म्हणून ती पुन्हा तापवून, ठोकून तिला पाणी द्यावे लागते. पाणी कमी बसले तर टोक दबते, जास्त झाले तर तुटते. योग्य क्षण लोहार तापलेल्या लोखंडाच्या रंगावरून ओळखतो, आणि तो रंग कागदावर लिहून ठेवता येत नाही. आता लोखंड कुठून आणायचे? सह्याद्रीत, महाबळेश्वरच्या बाजूला, धावड नावाची जमात तांबड्या जांभ्या दगडातून लोखंड गाळत असे. त्यासाठी जंगलातला कोळसा लागे. इंग्रजी अमलात जंगलावर बंधने आली, स्वस्त विलायती लोखंड बाजारात आले आणि धावडांच्या भट्ट्या विझल्या. दगड डोंगरात अजून आहे, पण त्यातून लोखंड काढणारा हात राहिला नाही. ज्ञान असे नाहीसे व्हायला जगबुडी व्हावी लागत नाही.

चिरंजीवाचे काम इथेच अडते. भट्टी धगधगत ठेवायची तर भात्यावर पाळ्या लावाव्या लागतात. मरण नसले म्हणून झोप चुकत नाही. कोळसा पाडणारा, दगड फोडणारा, चुन्याची घाणी फिरवणारा आणि गवंडी हे सगळे एकाच हंगामात कामावर असावे लागतात. एकट्याने एकेक काम करायचे ठरवले तर दुसरे शिकेपर्यंत पहिल्याची सवय जाते. चूक झाली तर ‘असे नव्हे’ म्हणणारा शेजारीही नसतो. आपली चूक हजार वर्षे नेमाने करत राहणारा अमर माणूस ही कल्पना काहीशी विनोदी आहे, पण अशक्य मुळीच नाही.

मंदिरातल्या घंटेवर क्रूस आणि १६८३ हे साल आहे. चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तेव्हा पोर्तुगीजांच्या ज्या घंटा मराठ्यांच्या हाती आल्या त्यांतलीच ही एक, असे मानले जाते. घंटेचे कासे सुमारे चार भाग तांबे आणि एक भाग कथील असे जमवतात. दख्खनच्या काळ्या दगडात कथील सापडत नाही. त्या काळी ते इंग्लंडातल्या कॉर्नवॉलच्या आणि मलायाच्या खाणींतून निघे. म्हणजे एका घंटेसाठी चिरंजीवाला समुद्रही ओलांडावा लागेल, आणि त्यासाठी आधी जहाज बांधावे लागेल.

एवढे करून चार-एकचे प्रमाण मात्र त्याला सापडेल. धातू आज जसे वागतात तसेच उद्या वागतील. गणिताचेही तेच आहे. केरळातल्या माधवाने चौदाव्या शतकात शोधलेल्या अनंत श्रेणी सतराव्या शतकात युरोपात स्वतंत्रपणे पुन्हा सापडल्या. निसर्गाचे ज्ञान पुसले गेले तरी ते परत शोधता येते. घडून गेलेल्या गोष्टीचे तसे नाही. ही घंटा वसईच्या भागातली असेल, तर नसरापूरपर्यंत ती कोणी कशी आणली, हे प्रयोग करून कळत नाही. त्याला कागदच लागतो. कागद जळला की अमर माणूसही तेवढाच अडाणी.

परंपरेने अमरत्व दिलेल्या सात जणांत व्यास आहेत, आणि ज्ञान सांभाळण्याचे काम त्यांच्याच नावावर आहे. त्यांनीही वेद पैल, वैशंपायन, जैमिनी आणि सुमंतू या चार शिष्यांत वाटून दिले. ज्याला वेळेची ददात नाही असा माणूसही वाटणी करतो, ही कथा रचणाऱ्यांची जाण पक्की म्हणावी लागते.

मर्त्य माणसांत या कामाला हात घालण्याचे धाडस मराठीत श्रीधर व्यंकटेश केतकर यांनी केले. कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन आलेल्या या माणसाने महाराष्ट्रीय ज्ञानकोश काढायचे ठरवले, तेव्हा पहिली गोष्ट केली ती कंपनी स्थापण्याची. भाग विकून भांडवल उभे केले, कचेरी थाटली, यशवंत रामकृष्ण दाते यांच्यासारखे सहकारी जमवले आणि २३ खंड पुरे केले. त्यांतला एक खंड पूर्णपणे विज्ञानाच्या इतिहासाला दिलेला आहे. केतकरांना लोक ‘ज्ञानकोशकार’ म्हणतात आणि श्रेय एका नावावर जमा होते. त्यांना ते शोभतेही, पण काम मंडळाचे होते.

राज्य स्थापन झाल्यावर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले, तेही मंडळ नेमूनच. नसरापूरहून त्याच महामार्गाने खंबाटकीचा घाट ओलांडून पुढे गेले की वाई येते. विश्वकोशाची कचेरी तिथे आहे. पहिला खंड १९७६ मध्ये निघाला आणि विसावा खंड पुरा व्हायला एकविसावे शतक उजाडले.