गवत आधी आलं, मी नंतर

२००९ साली मेलबर्नला आलो तेव्हा माझी पस्तिशी उलटली होती. नाशिकची धूळ, दिवाळीतला धूर, गोदाकाठचा गारठा, सगळं पचवलेलं शरीर. पहिली दोन वर्षं काही नाही. तिसऱ्या वर्षी ऑक्टोबरात (इथे तेव्हा वसंत असतो!) डोळे चुरचुरायला लागले आणि शिंकांची माळ सुरू झाली. पाचव्या वर्षी नोव्हेंबरातल्या एका रात्री छातीतून शिट्टी वाजायला लागली. डॉक्टरांनी नळीत फुंकायला लावलं आणि सांगितलं, अस्थमा.

घरच्यांचा प्रश्न ठरलेला, "आपल्या घराण्यात कुणाला दमा नाही, मग तुलाच कसा?" काकांच्या मते तिकडची थंडी बाधली. तर मंडळी, थंडीचा यात काही संबंध नाही. भानगड गवताची आहे.

या गवताचं नाव रायग्रास. मूळचं युरोपातलं. इंग्रज इथे वसले तेव्हा मेंढ्या-गाईंच्या चाऱ्यासाठी त्यांनी ते आणून पेरलं. आज मेलबर्नच्या उत्तरेला आणि पश्चिमेला त्याची कुरणंच्या कुरणं आहेत, आणि उत्तरेचा गरम वारा सुटला की पराग थेट शहरावर येतात. गंमत म्हणजे हा शिंकांचा आजार आधी इंग्रजांनीच नोंदवला. जॉन बॉस्टॉक नावाच्या डॉक्टरने १८१९ मध्ये स्वतःचीच लक्षणं लिहून काढली, आणि चार्ल्स ब्लॅक्लीने १८७३ च्या पुस्तकात स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की दोष परागांचा आहे. म्हणजे गवतही परदेशातून आलेलं आणि मीही. फक्त त्याला इथलं पाणी माझ्यापेक्षा लवकर मानवलं.

आल्या आल्या त्रास का झाला नाही? कारण ॲलर्जी म्हणजे शरीराने हळूहळू गिरवलेला धडा. नव्या परागाची ओळख व्हायला काही मोसम जावे लागतात. मेलबर्नमधल्या आशियाई स्थलांतरितांवरचा एक अभ्यास १९९४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही हेच दिसलं, वास्तव्य जितकं जास्त तितका हे फीवर जास्त.

पण शिंका वेगळ्या आणि दमा वेगळा. परागाचा अख्खा कण मोठा असतो, तो नाकातच अडकतो. १९९२ मध्ये मेलबर्नच्याच संशोधकांनी दाखवलं की पाण्याने हा कण फुटतो आणि त्यातून सुमारे ७०० बारीक पिष्टकण बाहेर पडतात. ते थेट फुप्फुसात पोचतात. आता ऐन मोसमात गडगडाटी वादळ आलं तर काय होईल, विचार करा.

२१ नोव्हेंबर २०१६ ला ते झालं. दिवसभर ३५ अंश, संध्याकाळी सहाच्या सुमारास वादळ. लोक बरं वाटतंय म्हणून दारं-खिडक्या उघडून उभे राहिले. तासाभरात अँब्युलन्स पुरेनात. पुढच्या तीस तासांत श्वासाच्या त्रासाने इमर्जन्सीत आलेले लोक नेहमीपेक्षा ३,३०० हून जास्त होते. दहा जण गेले. नंतर केलेल्या पाहणीतले आकडे मी पाठ केलेत. ८७ टक्के रुग्णांना मोसमी शिंकांचा त्रास होता, पण दम्याचं निदान झालेले जेमतेम २८ टक्के. आणि ३९ टक्के भारतीय किंवा इतर आशियाई वंशाचे.

हे ३९ टक्के म्हणजे आपलीच माणसं हो. "सर्दीच तर आहे" म्हणत आल्याचा चहा घेणारी. माझा पंप तोपर्यंत खिशात आला होता, म्हणून ती रात्र निभावली. शेजारच्या घरातल्या तरुणाकडे तो नव्हता. त्याला माझा दिला, चार-चार दाब, मध्ये थांबून. तो सुखरूप आहे.

२०१७ पासून इथे दर वर्षी ऑक्टोबर ते डिसेंबर वादळी दम्याचा अंदाज जाहीर होतो. धोका असला की मी घरात, खिडक्या बंद.

भाचा पुढच्या वर्षी इथे शिकायला येतोय. ताईने स्वेटर घेतलेत म्हणे. असू देत. पहिल्या वर्षी त्याला बहुधा काही होणार नाही. तिसऱ्या ऑक्टोबरात तो शिंकायला लागला की ताई, मला फोन कर.