पानं दाखवा!

डाव संपलाय. शेवटची बोली कॉल झाली, म्हणजे समोरच्यानं तेवढेच पैसे भरले, जिंकणाऱ्यानं पानं उताणी मांडली, हरलेल्यानं आपली पानं पालथीच डीलरकडे सरकवली. तेवढ्यात तिसरा कुणीतरी म्हणतो, ‘त्याची पानं बघायचीत मला.’ डीलर ती पानं उचलतो, टाकून दिलेल्या पानांच्या ढिगाला हलकेच टेकवतो आणि मगच उलटी करतो. टेकवलं म्हणजे पानं मेली. उलटल्यावर ती सरस निघाली तरी पैसे फिरत नाहीत. पण हीच मागणी खुद्द जिंकणाऱ्यानं केली, तर पानं जिवंत राहतात आणि ती सरस असतील तर त्याच्या हातातला पॉट, म्हणजे मध्ये जमलेले सगळे पैसे, जातो. बॉब सियाफोन यांच्या ‘रॉबर्ट्स रूल्स ऑफ पोकर’मध्ये हे असं लिहून ठेवलंय. जिंकल्यावर गप्प बसावं, उगाच दुसऱ्याची पानं उकरू नयेत, एवढी अक्कल त्या नियमानं विकतच शिकवली आहे.

खेळून झालेल्या पानांसाठी एवढी तजवीज कशाला, असं नवख्याला वाटतं. ती लागली, कारण हा खेळ वाढलाच लबाडांच्या संगतीत.

जोसेफ कॉवेल नावाच्या इंग्रज नटानं 1844 साली आठवणी छापल्या. त्यांत डिसेंबर 1829 मधल्या बोटीच्या प्रवासाची हकिकत आहे. लुईव्हिलहून न्यू ऑर्लिन्सला निघालेली आगबोट, धुक्याची रात्र, आणि केबिनमध्ये पोकर. तेव्हा खेळात 20च पानं असत, दश्शीपासून एक्क्यापर्यंत. चौघांना पाच-पाच वाटली की गड्डी संपली. पान बदलून घेण्याची सोय नाही. मध्येच बोटीला जबर धक्का बसतो, माणसं उठून धावतात, आणि हिरव्या चष्म्याचा एक गृहस्थ मात्र शांतपणे पत्ते पिसत बसून राहतो. मंडळी परत येतात, पानं वाटली जातात, बोली भलतीच चढते. शेवटी पानं उघडतात तेव्हा कळतं, की गृहस्थानं स्वतःसाठी रचलेली पानं त्या गोंधळात दुसऱ्याच्या पदरात पडलीत! याच हकिकतीत कॉवेल खेळाची रीतही सांगतात: ज्याला पुढं पैसे लावायचे नाहीत, तो आपली पानं न दाखवता खाली ठेवतो.

न दाखवण्याचा हा हक्क पोकरनं वडिलोपार्जित आणला. अठराव्या शतकात इंग्लंडात ब्रॅग नावाचा तीन पानांचा खेळ जोरात होता; एडमंड हॉइल यांनी 1751 साली त्यावर स्वतंत्र पुस्तिका लिहिली. ब्रॅगचा गाभा एकच. माझ्याकडे काय आहे ते कळायला हवं असेल तर पैसे भर. भरले नाहीस तर मी पॉट उचलीन, आणि माझ्याकडे काहीच नव्हतं हे तुला जन्मात कळणार नाही. हे कळण्याला किंमत नसेल तर ब्लफला अर्थच उरत नाही.

ब्रॅगचीच एक पाती आपल्या घरात नांदते. ट्रेल, प्युअर सिक्वेन्स, सिक्वेन्स, कलर, जोडी ही तीन पत्तीची उतरंड आजच्या ब्रॅगच्या उतरंडीशी जुळते, आणि आंधळं खेळण्याची चालही तिथलीच. दिवाळीत पाट-चादर टाकून बसणाऱ्यांना शो म्हणजे काय हे समजावून सांगायला नको. दोघंच उरले की एकानं पैसे टाकून शो मागायचा. दोघांची पानं बरोबरीची निघाली तर शो मागणारा हरतो! पोकरमध्ये अशा वेळी पॉट निम्मा-निम्मा वाटतात. तीन पत्तीचा न्याय मला जास्त कडक आणि जास्त खरा वाटतो: बघायची घाई तुला होती, मग भोग. साइड शो तर त्याहून खासा. शेजाऱ्याला म्हणायचं, आपण दोघंच बघू. तो नाही म्हणू शकतो. हो म्हणाला तर दोघं एकमेकांची पानं गुपचूप ताडून बघतात, कमी निघेल तो पॅक, आणि बाकीचं टेबल नुसतं तोंडं निरखत बसतं. साध्या पोकरमध्ये याला जागाच नाही. तिथं एकाला दाखवलं की सगळ्यांना दाखवावं लागतं. ‘शो वन, शो ऑल’ हा तिथला अगदी पाठ असलेला नियम. शेजाऱ्याला प्रेमानं पानं दाखवली तरी तेवढी माहिती त्याला फुकट मिळाली, आणि उरलेल्यांना ती नाही.

पोकरवर नियमांची पुटं चढली ती पुढं 52 पानं आल्यावर आणि पानं बदलून घेता येऊ लागल्यावर. अमेरिकेतल्या यादवी युद्धानंतरच्या दशकांत जॅकपॉट्स नावाचा प्रकार रुळला, आणि माझ्या मते या कुळकथेतलं सगळ्यात मोठं वळण ते हेच. गुलामांची जोडी किंवा त्याहून वरचं काही असल्याशिवाय बोली उघडायचीच नाही, अशी त्यात अट होती. मग उघडणाऱ्याकडे खरंच जोडी होती का, हे कुणी बघायचं? म्हणून ठरलं: बोली उघडणाऱ्यानं डावाच्या शेवटी ती जोडी दाखवलीच पाहिजे. सगळ्यांनी पानं टाकली, एकानंही कॉल केला नाही, तरीही. पैसे न भरता दुसऱ्याची पानं बघण्याचा हक्क टेबलाला इथं मिळाला. त्यातही खाचाखोचा. समजा, एखाद्याकडे गुलामांची जोडी आणि, त्यातला एक गुलाम धरून, चार बदाम आहेत. फ्लश, म्हणजे आपला कलर, लागेल या आशेनं त्यानं दुसरा गुलाम टाकून पान मागितलं, तर जोडी फुटली. मग टाकलेला तो गुलाम ढिगात न मिसळता बाजूला राखून ठेवायचा, पुराव्यादाखल. बेरकी खेळाडूला त्यातूनही कळे, की समोरचा एकाच पानाच्या आशेवर बसलाय.

याच सुमारास पोकर साहेबाच्या दिवाणखान्यातही गेला. लंडनमधले अमेरिकन राजदूत रॉबर्ट शेंक यांनी लेडी वॉल्डग्रेव्ह यांच्या सॉमरसेटमधल्या पाहुण्यांसाठी नियम लिहून दिले आणि ते 1872च्या सुमारास खासगीत छापले गेले. हेच शेंक पुढं एका चांदीच्या खाणीच्या शेअर प्रकरणात बदनाम होऊन 1876 साली पायउतार झाले.

आता सुरुवातीच्या त्या ‘पानं बघायचीत’कडे. हा हक्क जोडगोळीनं खेळणाऱ्यांना पकडण्यासाठी आहे. दोघं आतून मिळालेले असतात. एकाकडे भक्कम पानं, दुसऱ्याकडे कचरा. कचरावाला बोली वाढवत राहतो, मध्ये सापडलेला तिसरा भरत राहतो, आणि शेवटी कचरावाला पानं पालथी टाकून मोकळा. त्याची पानं उलटायला लावली तर प्रश्न उभा राहतो: अशा पानांवर तू दोनदा बोली वाढवलीस ती कुणासाठी?

पण चोर पकडायला दिलेली काठी लोकांनी भलत्याच कामाला वापरली. समोरचा कोणत्या पानांवर कॉल करतो, कधी ब्लफ मारतो, हे शिकायला ते दर डावाला ‘बघायचंय’ म्हणू लागले. हरलेल्याच्या जखमेवर मीठ, ते वेगळंच. म्हणून नियमानं बजावलं, की ही सवलत आहे आणि तिचा गैरवापर झाला तर काढून घेता येते. मॅट सॅव्हेज, लिंडा जॉन्सन, जॅन फिशर आणि डेव्हिड लँब यांनी 2001 साली टूर्नामेंट डायरेक्टर्स असोसिएशन काढली. तिच्या नियमांत हक्क आणखी आवळला गेला. शेवटच्या फेरीत ज्यानं पैसे भरून कॉल केला, त्याला बोली लावणाऱ्याची पानं बघता येतात, तीसुद्धा स्वतःची पानं हातात असतील तर. बाकीच्यांनी मागणी केली तर डायरेक्टरची मर्जी. अडीच शतकं फिरून नियम पुन्हा ब्रॅगच्या दारात आला: पैसे भरले त्यानं बघावं.

टेबलावर हे चाललं असताना टेबलाखालून मात्र भलतंच घडलं. हेन्री ओरेनस्टीन हे पोलंडमध्ये जन्मलेले, नाझी छळछावण्यांतून वाचलेले आणि अमेरिकेत खेळणी बनवून नाव कमावलेले गृहस्थ. पोकर टीव्हीवर बघणं कंटाळवाणं, कारण पानं दिसतच नाहीत, ही त्यांची तक्रार. खेळाडूची झाकलेली पानं कॅमेऱ्यातून दाखवण्याच्या युक्तीचं पेटंट त्यांना 1995 साली मिळालं. टेबलाखालच्या कॅमेऱ्यांचा खेळ 1999 मध्ये ब्रिटनच्या चॅनेल फोरवर दिसला आणि 2003 पासून अमेरिकेत त्याचं पेवच फुटलं. त्या वर्षीच्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ स्पर्धेत ख्रिस मनीमेकर या हिशेबनीसानं हातात जोडीसुद्धा नसताना सगळ्या चिप्स पुढं ढकलल्या आणि सॅम फर्हा यांनी नव्व्यांची जोडी टाकून दिली. कॉल झाला नाही, म्हणजे जुन्या कायद्यानं ती पानं झाकलेलीच राहायला हवीत. घरोघरी सोफ्यावर बसलेल्यांनी मात्र ती पाहिली, दमडीही न भरता.

आता मोठ्या स्पर्धांचं थेट प्रक्षेपण मुद्दाम उशिरानं सोडतात, पुष्कळदा अर्ध्या तासानं. टेबलावरचा खेळाडू विश्रांतीला उठतो, कठड्यापलीकडे उभे असलेले मित्र फोनवर बघून त्याला सांगतात, की मघाशी तू पानं टाकलीस तेव्हा समोरच्याकडे काहीच नव्हतं.