एक पौंड धान्याचा हिशेब



घरचा जमाखर्च आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. आवक कमी झाली की आपण आधी आपल्या गरजांना कात्री लावतो. साडी पुढच्या सणावर जाते, चप्पल शिवून वापरली जाते, दुखणं अंगावर काढलं जातं. घर चालू राहतं आणि बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, हिचं छान भागतंय की! आपलं शरीरही अगदी असंच वागतं. ते काय खातं, काय खर्चतं आणि कमी पडलं तर कुठे कात्री लावतं, हे माणसाला कळायला तीनशेहून जास्त वर्षं लागली. त्यातलं एक प्रकरण आपल्याच मातीत घडलं आहे. आज ती हकीकत सांगायची आहे.

सन १८७६. पावसाने दगा दिला. नगर, सोलापूर, पुणे, सातारा, कलादगी या भागांत पिकं करपली. मद्रास इलाखा आणि म्हैसूरकडेही तीच गत. सरकारने दुष्काळी कामं काढली. तलाव खणायचे, रस्ते करायचे, खडी फोडायची आणि त्यावर रोजची मजुरी घ्यायची. या कामांवर पुरुषांइतक्याच बायका होत्या, कडेवर पोरं होती. पुढच्या वर्षी सावित्रीबाई फुले जुन्नर तालुक्यात ओतूरला होत्या. तिथून जोतीरावांना पाठवलेल्या पत्रात त्यांनी या दुष्काळाचे हाल लिहून ठेवले आहेत.

खर्च वाढू लागला तशी सरकारला चिंता पडली. व्हाइसरॉय लिटन यांनी जानेवारी १८७७मध्ये सर रिचर्ड टेंपल यांना पाहणीसाठी मद्रास आणि मुंबई इलाख्यांत पाठवलं. हे तेच टेंपल, ज्यांनी तीन वर्षांपूर्वी बिहारच्या दुष्काळात ब्रह्मदेशातून तांदूळ आणवून माणसं जगवली होती आणि ‘फार पैसा उधळला’ म्हणून बोलणी खाल्ली होती. या खेपेला त्यांनी हात आखडता घेतला. कामावरच्या माणसाला दिवसाला एक पौंड धान्याची किंमत आणि वर किरकोळ पैसे एवढी मजुरी पुरेल, असं त्यांनी ठरवलं. एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम, अर्ध्या किलोलाही कमी. बायकांच्या हाती पुरुषांहून कमी पडत असे.

मद्रासचे आरोग्य अधिकारी डॉक्टर कॉर्निश यांनी याला उघड विरोध केला. मेहनत करणाऱ्या माणसाला एवढ्यावर ठेवलं तर तो खंगत जाईल, निदान दीड पौंड धान्य हवं, असं त्यांचं म्हणणं. टेंपल यांचं उत्तर होतं, करून तर पाहू.

इकडे मुंबई इलाख्यात मजुरांनी स्वतःच उत्तर दिलं. मजुरी कमी झाली आणि गावापासून लांबच्या कामांवर जाऊन राहा असा हुकूम आला, तेव्हा हजारो माणसं काम सोडून निघून गेली. उपाशी माणसांचा संप! पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू घेतली. सार्वजनिक काका म्हणजे गणेश वासुदेव जोशी आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या या सभेने जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा केली आणि सरकारला अर्जावर अर्ज पाठवले. मद्रास सरकारला काही महिन्यांत मजुरी वाढवावी लागली. पण तोवर उशीर झाला होता. त्या दुष्काळात ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांच्या वर माणसं दगावली, असा पुढे सरकारच्याच दुष्काळ आयोगाने अंदाज दिला.

आता प्रश्न असा, की मेहनतीच्या माणसाला जास्त अन्न लागतं हे त्या काळच्या विज्ञानाला ठाऊक नव्हतं का? होतं. चांगलं जवळजवळ नव्वद वर्षांपासून ठाऊक होतं.

सुरुवात त्याच्याही आधीची, इटलीतली. पादुआचे डॉक्टर सँतोरिओ यांनी तराजूला टांगलेली खुर्ची बनवली. तीत बसून ते जेवत आणि जेवणाआधी, जेवणानंतर, शौचाला जाऊन आल्यावर स्वतःचं वजन करत. असं त्यांनी वर्षानुवर्षं केलं आणि १६१४ साली पुस्तक लिहिलं. त्यांना आढळलं, की आठ पौंड खाल्लं-प्यायलं तर मलमूत्रातून तीनच पौंड बाहेर पडतं. उरलेलं पाच पौंड डोळ्यांना न दिसता अंगातून निघून जातं. श्वासातून आणि कातडीतून जाणारी वाफ ती. कुठे जातं ते कळलं नाही, पण जातं हे वजनाने सिद्ध झालं.

मग फ्रान्समध्ये लाव्हाझिए आले. त्यांनी आणि लाप्लास यांनी १७८२-८३च्या हिवाळ्यात गिनीपिग नावाचा सशाएवढाही नसलेला एक प्राणी बर्फाने वेढलेल्या भांड्यात ठेवला. त्याच्या अंगच्या उबेने किती बर्फ वितळला ते मोजलं आणि त्याने श्वासातून किती वायू सोडला तेही मोजलं. निष्कर्ष निघाला, की श्वास घेणं म्हणजे एक संथ जळणं आहे. चुलीत लाकूड जळतं तसं अंगात अन्न जळतं, फक्त ज्वाळा दिसत नाही. पुढे सेग्वां नावाच्या सहकाऱ्याला त्यांनी स्वतःच प्रयोगाला बसवलं. जेवल्यावर प्राणवायू जास्त लागतो, थंडीत जास्त लागतो आणि काम करताना तर फारच जास्त लागतो, हे आकड्यांनी दिसलं. या प्रयोगांचं चित्र लाव्हाझिए यांच्या पत्नी मारी-आन यांनी काढलं. त्यात एका बाजूला टेबलाशी बसून टिपण घेणारी बाई आहे, ती त्या स्वतःच.

सन १७८९मध्ये, फ्रेंच राज्यक्रांतीच्या साली, आपल्या निबंधात लाव्हाझिए यांनी एक प्रश्न विचारला. हाताच्या कष्टावर जगणारा गरीब माणूस शरीरातलं जास्त खर्च करतो, तर भरून काढायला त्यालाच कमी का मिळतं? आणि ज्याला फारसं भरून काढायचंच नाही, त्याच्याकडे मुबलक का? पुढे १७९४ साली याच लाव्हाझिए यांना, पूर्वी करवसुलीच्या कंपनीत भागीदार होते म्हणून, गिलोटिनवर चढवण्यात आलं. प्रश्न मात्र मागे उरला.

त्याला पक्के आकडे मिळाले अमेरिकेत. विल्बर ॲटवॉटर यांनी मिडलटाऊन गावातल्या वेस्लियन विद्यापीठात १८९०च्या दशकात एक बंद खोली उभी केली. आत जेमतेम पलंग, टेबल, खुर्ची. माणूस तिथे काही दिवस राही. तो काय खातो, किती हवा घेतो, अंगातून किती उष्णता निघते, सगळं बाहेरून मोजलं जाई. कधी तो नुसता बसे, कधी पायाने सायकल फिरवी. आत गेलेली आणि बाहेर आलेली ऊर्जा जवळजवळ तंतोतंत जुळली. पिठाच्या किंवा साखरेच्या एका ग्रॅममागे ४ कॅलरी, प्रथिनाच्या ग्रॅममागे ४, तेलातुपाच्या ग्रॅममागे ९, हे पुड्यांवर छापलेले आकडे त्यांच्याच कामातून आले आहेत. त्यांनी आणखी एक माप ठरवलं. मध्यम काम करणाऱ्या बाईला तसंच काम करणाऱ्या पुरुषाच्या ०.८ पट, म्हणजे दहा आण्याला आठ आणे, अन्न धरायचं. हे माप ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

म्हणजे जमा आणि खर्च दोन्ही मोजता येऊ लागले. पण जमाच कमी पडली तर शरीर काय करतं? याचं सविस्तर उत्तर दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी मिळालं. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांवर प्रयोग केला. हे तरुण युद्धात शस्त्र धरायला नकार दिलेले आणि स्वखुशीने आलेले होते. युरोपातल्या उपाशी लोकांना पुन्हा कसं उभं करायचं ते शिकण्यासाठी हे चाललं होतं. आधी त्यांना सुमारे ३२०० कॅलरी मिळत. फेब्रुवारी ते जुलै १९४५ या सहा महिन्यांत ते सुमारे १५७० वर आणलं गेलं आणि आठवड्याला २२ मैल चालणं ठेवलं.

त्यांचं वजन जवळजवळ पाव हिश्शाने उतरलं. पण मुख्य गोष्ट पुढेच आहे. काही आठवड्यांनी वजन उतरण्याचा वेग मंदावत गेला. खर्च जमेच्या जवळ आला होता! शरीराने तो कुठून वाचवला? नुसतं पडून राहिल्यावरही श्वास, काळीज, अंगाची ऊब यांवर जो खर्च होतो, तो सुमारे ४० टक्क्यांनी घटला. नाडी मंद झाली. उन्हाळ्यातही त्यांना थंडी वाजे. जिना चढवेना. ते चिडचिडे झाले, कशात रस उरला नाही, बोलणं-वाचणं सगळं जेवणाभोवतीच फिरू लागलं. थोडक्यात, शरीराने उपास अंगावर काढला.

मैत्रिणींनो, आता टेंपल यांच्या पौंडाकडे वळून पाहू. एक पौंड ज्वारी म्हणजे साधारण दीड हजार कॅलरी. मिनेसोटाच्या तरुणांना उपासमारीत जेवढं दिलं गेलं, जवळपास तेवढंच. वरच्या पैशांत मीठ-मिरची आणि थोडी डाळ येईल, पण त्यात पोरांचंही तोंड होतं. शिवाय मिनेसोटाच्या तरुणांची आधी खाऊनपिऊन तयारी झाली होती आणि त्यांना खडी फोडायची नव्हती. इकडचे लोक उपासानेच कामावर आले होते. माणसं लगेच कोसळली नाहीत, चार टोपल्या कमी का होईना पण उचलत राहिली, म्हणून ‘एवढ्यात भागतं’ असं कागदावर दिसलं. भागणं आणि पुरणं यांतला फरक त्या कागदावर नव्हता.

हा फरक बायकांच्या बाबतीत आजही हरवतो. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबिया देशात केनेबा नावाचं गाव आहे. तिथे १९८०च्या दशकात संशोधकांनी शेतात राबणाऱ्या गरोदर बायका पाहिल्या. खाणं तुटपुंजं असलं की गरोदरपणाच्या पहिल्या काळात त्यांचं शरीर स्वतःचा पडून राहण्याचा खर्चच कमी करी आणि वाचलेलं बाळासाठी ठेवी. बाहेरून पाहणारा म्हणेल, बघा, कमी खाऊनही मूल झालंच. पण टंचाईच्या दिवसांत जादा खाणं दिल्यावर बाळांची वजनं वाढली. म्हणजे आधी कमतरता होतीच, ती आईने आणि बाळाने मिळून सोसली होती.

आता ते ०.८चं माप. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली दिलेले आकडे असे आहेत. मध्यम काम करणारा ६५ किलोचा पुरुष, २७१० कॅलरी. मध्यम काम करणारी ५५ किलोची बाई, २१३०. पुन्हा दहाला आठच्या आसपासच. यात अन्याय नाही, बाईचा देह लहान असतो. पण हे माप दोघांचं काम सारखं असेल तरच लागू पडतं. तीच बाई अवजड काम करत असेल तर आकडा २७२० होतो. ती मध्यमच काम करते पण सहा महिन्यांच्या आतलं मूल अंगावर पीत असेल, तर तिला रोज ६०० जास्त लागतात. बेरीज करा : २७३०. घरात अंगावर पाजणारी सून आणि शेतात मध्यम काम करणारा मुलगा, दोघांची भूक सारखी धरायला हवी. ताटं मात्र सारखी वाढली जातात का, ते ज्याने त्याने पाहावं.

दुष्काळी कामाच्या हजेरीत फुटलेली खडी मोजली जाई. तळावर परतल्यावरचं पाणी, सरपण, दळण आणि अंगावरचं दूध कुठल्याच रकान्यात नव्हतं. शरीराच्या वहीत मात्र ते रोज मांडलं जात होतं. बहात्तरच्या दुष्काळात कामावर सुकडी खाल्लेल्या आपल्या सासवा-आज्यांना हा हिशेब पुस्तकाशिवायही कळला असता.

म्हणून ‘मला कमी लागतं’ असं एखादी म्हणाली, तर आधी तिचा दिवस विचारावा. सतत गळून जाणं, इतरांना वाजत नसताना थंडी वाजणं, पाळी लांबणं, चिडचिड होणं ही शरीराने कात्री लावल्याची खूण असू शकते. याला रक्त कमी असणं, थायरॉइड अशी दुसरीही कारणं असतात, म्हणून आशाताईंना सांगावं, आरोग्य केंद्रात तपासून घ्यावं.

पुढच्या खेपेला एक काम करून या. एका दिवसाचा कागद करा. डावीकडे उठल्यापासून निजेपर्यंतची कामं, किती वेळ, किती वजन, किती चालणं. उजवीकडे खाल्लेला घास न् घास, चहासकट. लिहिता येत नसेल तर नातीकडून लिहून घ्या. दोन्ही बाजू आपण इथे बसून मिळून जुळवू. तोवर नमस्कार.